मिस्ड कॉलवरची बातमी

पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की गडचिरोलीतलं भामरागड तुटतं, आणि ही बातमी दर पावसाळ्यात छापून येते. ती मराठीत असते, म्हणून आलापल्लीच्या पुढे जाते. आतल्या गावात हातपंप बंद पडला, गुरुजी फिरकले नाहीत, ते माडियात, म्हणजे गोंडीच्या इथल्या बोलीत, बोललं जातं आणि गावातच राहतं.

इंद्रावतीपलीकडे, बस्तरमध्ये, शुभ्रांशु चौधरी यांना हेच दिसलं. बीबीसीत काम केलेला हा छत्तीसगडचा पत्रकार. तिथल्या बातमीदारांना गोंडी येत नव्हती आणि गोंडी माणसापर्यंत पेपर जात नव्हता. त्यांनी 2004 मध्ये इंटरनेटवर 'सीजीनेट' सुरू केलं, पण ते लिहिता-वाचता येणाऱ्यांपुरतंच राहिलं. रेडिओची वाट बंद, कारण आपल्याकडे खासगी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. उरला साधा मोबाइल. मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे बिल थीज मदतीला आले आणि फेब्रुवारी 2010 मध्ये 'सीजीनेट स्वर' उभं राहिलं. मिस्ड कॉल द्यायचा, सर्व्हर उलट फोन करतो. एक दाबून आपलं सांगायचं, दोन दाबून दुसऱ्यांचं ऐकायचं.

भामरागडच्या बाजारात एक तरुण असा निरोप नोंदवताना मी जवळून पाहिला. रेंज मिळावी म्हणून तो दुकानांपासून दूर, चढावर जाऊन उभा राहिला. सुरुवात मराठीत केली, अगदी तहसीलच्या अर्जासारखी, आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळला. फोन कापला. पुन्हा लावला तेव्हा तो माडियात बोलत होता, भरभर, हातवारे करत. सोबतच्या मित्राने मला अर्थ सांगितला: कोणत्या टोल्यातला हातपंप, कधीपासून बंद, बाया आता कोणत्या नाल्याचं पाणी आणतात, पंचायत समितीत कोणाला सांगून झालं. बातमीला लागतं ते सगळं त्यात होतं.

मला या कामाचा कणा यंत्रात नाही, पुढच्या टप्प्यात दिसतो. आलेला निरोप तसाच सोडत नाहीत. संपादक तो ऐकतो, बोलणाऱ्याला फोन करून खातरजमा करतो, मगच तो सर्वांसाठी खुला होतो. तक्रार असेल तर संबंधित अधिकाऱ्याचा नंबरही निरोपातच सांगितलेला असतो. मग दूरच्या शहरातला कोणी ऐकणारा थेट त्या साहेबांना फोन लावतो, 'हातपंपाचं काय झालं?' भामरागडच्या माणसाने दहा खेपा घालून जे होत नाही, ते अशा फोनांनी झाल्याची उदाहरणं आहेत.

अडचण पैशाची. उलट फोनाचा खर्च संस्थेवर पडतो, तिचा डोलारा देणग्या-फेलोशिपांवर. लोक वाढले की बिल वाढतं. यातूनच 'बुल्टू रेडिओ' निघाला: ब्रॉडबँड असलेल्या पंचायतीतून कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि बाजारात ब्लूटूथने या फोनवरून त्या फोनवर द्यायचा. दुसरी अडचण भाषेची. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांवर होते, तरी आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही. ती तिथे येईपर्यंत माडिया समजणारा एकेक संपादक शोधून, शिकवून तयार करणं हेच या धंद्यातलं सर्वांत महाग आणि सर्वांत गरजेचं काम आहे.