जंतूची सुई

"बाई, विंचवाला नांगी हाय, सापाला दात हायत. जंतूला तर काहीच नाय. मंग तो आपल्याला मारतो कसा?"

हात धुण्याचा पाठ चालू होता. चौथीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला आणि मी खडू हातात धरून उभीच राहिले. जंतू विष सोडतात, एवढं मला ठाऊक होतं. पण कुठून? आणि कसं? उत्तर शोधायला मला बरंच वाचावं लागलं. मुलांनो, जे सापडलं ते तुम्हालाही सांगते.

ही गोष्ट सुरू होते आमच्या उरणच्या समोर, मुंबईत. मोरा बंदरातून सुटलेली लाँच भाऊच्या धक्क्याला लागते. तिथून मांडवी फार लांब नाही. 1896 साली त्या मांडवीत प्लेगची साथ सुरू झाली. उंदरांवरच्या पिसवा माणसाला चावत आणि जंतू अंगात शिरत. ताप चढे, काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि काही दिवसांतच माणूस दगावे. साथ पुण्यालाही पोचली. मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले तिथे रुग्णांची सेवा करत होत्या. त्यांनाही प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

त्याच वेळी मुंबईत डॉ. वॉल्डेमार हाफकिन लस शोधत होते. त्यांनी काय केलं असेल? मांसाच्या रश्श्यावर चक्क तुपाचे थेंब तरंगत ठेवले! त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढले. मग ते उष्णता देऊन मारले. पण रस्सा काही त्यांनी फेकून दिला नाही. जंतूंनी बाहेर सोडलेलं विष त्यात असणार, असं त्यांना वाटत होतं. 10 जानेवारी 1897 रोजी ही लस त्यांनी आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

जंतू हाफकिनना सूक्ष्मदर्शकातून दिसत होता. पण त्याचं हत्यार मात्र दिसत नव्हतं. का बरं?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकात आपण उजेडाने पाहतो. सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा बारीक गोष्टी उजेडाला वेगळ्या दाखवता येत नाहीत. जाड बोटांनी तांदळातले बारीक खडे वेचता येतील का? तसंच हे! 1931 साली जर्मनीत अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नोल यांनी उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरला. भिंगाच्या जागी चुंबक आले. हाच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक.

आणि 1998 साली याच यंत्राने टायफॉइडच्या जंतूच्या एका जातभाईचं हत्यार दाखवलं. ती होती चक्क इंजेक्शनची सुई! पुढे प्लेगच्या कुळातल्या जंतूंमध्येही तशीच सुई दिसली. लांबी जेमतेम 60 नॅनोमीटर. पट्टीवरच्या एका मिलिमीटरच्या घरात अशा 16,000 सुया एकापुढे एक मावतील! सुईचं बूड जंतूच्या सालीत रुतलेलं, आणि आत पोकळी दोन-तीन नॅनोमीटरची. एवढ्याशा भोकातून प्रथिनं जाणार कशी? ती आधी उलगडतात आणि सुईत दोरा ओवावा तशी जातात.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळायला येतात. सुईतून आलेली प्रथिनं त्यांनाच लुळं करून टाकतात. म्हणजे पहारेकऱ्यालाच आधी गुंगी! आणि हा जंतू लबाड किती? थंड पिसवेच्या पोटात तो ही सुई बनवतच नाही. आपल्या अंगाची ऊब लागली की कामाला लागतो.

सगळ्याच जंतूंची तऱ्हा मात्र एक नसते. कॉलऱ्याचा जंतू आपलं विष आतड्यात नुसतं बाहेर सोडतो.

एवढी नाजूक सुई न मोडता पाहायची कशी? आमच्याकडच्या मिठागरात पाणी हळूहळू आटतं, म्हणून मिठाचे खडे धरतात. पाणी सावकाश गोठलं की बर्फाचेही तसेच खडे होतात आणि ते नाजूक वस्तू बिघडवतात. म्हणून शास्त्रज्ञ नमुना इतक्या झटकन गोठवतात की खडे धरायला वेळच मिळत नाही. पाणी काचेसारखं थिजतं आणि वस्तू जशीच्या तशी राहते. या तंत्रासाठी 2017 साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळालं.

वेळेवर औषध मिळालं तर आज प्लेग बरा होतो. सावित्रीबाईंच्या वेळी ते औषध नव्हतं, आणि सुई कुणी पाहिलेलीही नव्हती. आता तिचं टोकसुद्धा ओळखीचं झालंय. ते टोकच पकडून ठेवील अशी नवी लस बनवायचे प्रयत्न चालू आहेत.

हे सगळं वाचून मी वर्गात गेले आणि फळ्यावर सुईचं मोठं चित्र काढलं. त्या मुलीने ते नीट पाहिलं आणि पुन्हा हात वर केला.

"बाई, त्या सुईच्या भोकात बूच बसवला तर?"

मुलांनो, जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत शास्त्रज्ञ अगदी हाच विचार करताहेत. मी तिला तसं सांगितलं. तेव्हापासून तिची वही अशा प्रश्नांनी भरत चालली आहे.