मिसिंग मारणारी जुनी स्पोर्ट्स गाडी : आधी दोष शोधा, मग पाना उचला

मुंबईतील प्रीमियर पद्मिनीची शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीवर आपल्या अनेक मिस्त्री बंधूंनी पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटरचे काम शिकून घेतले. टॅक्सी गेली, आता त्या हुनराला कोण विचारतो, असे काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. शौकीन लोक मोठ्या हौसेने सांभाळतात त्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची इग्निशन याच पद्धतीची असते आणि ती जाणणारे हात कमी होत चालले आहेत.

उदाहरणादाखल ब्रिटिश बनावटीची एम.जी.बी. घेऊ. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे ही गाडी बनत होती आणि पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. इंजिन १७९८ सी.सी., चार सिलिंडरचे; फायरिंग ऑर्डर पद्मिनीचीच, म्हणजे १-३-४-२. तेव्हा पद्मिनीवर बसलेला हात इथे परका ठरत नाही.

अशी गाडी मिसिंग मारू लागली की बहुतेक ठिकाणी काय होते? प्लग बदलतात, मग कॉइल, मग वायरी, शेवटी कार्बोरेटर खोलतात. बिल वाढते आणि दोष तसाच राहतो. गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि दहा जणांना सांगतो ते वेगळेच. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, एकही भाग बदलण्यापूर्वी दोष कोणत्या बाजूला आहे ते ठरवावे.

दोष कोणत्या बाजूला?

पहिला साक्षीदार डॅशबोर्डवरच असतो. १९६४ नंतरच्या एम.जी.बी.मध्ये इंजिनचे फेरे दाखवणारा काटा कॉइलच्या करंटवर चालतो. झटका बसताना काटाही उडत असेल किंवा शून्याकडे पडत असेल, तर दोष लो टेन्शन बाजूला, म्हणजे स्विच, वायर, कॉइल, पॉइंट किंवा कंडेन्सर यांत आहे. काटा स्थिर असेल तर हाय टेन्शन बाजू किंवा पेट्रोल पाहावे.

दुसरी साक्ष टायमिंग लाइटची. तिचा चिमटा आधी कॉइलपासून निघणाऱ्या मधल्या जाड वायरीला लावावा. तिथेच उजेड तुटत असेल तर डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मागचे सर्व भाग सुटले. दोष कॉइल आणि पॉइंटच्या बाजूला आहे. मधल्या वायरीवर उजेड अखंड, पण प्लगच्या वायरीवर तुटक असेल, तर रोटर, कॅप किंवा ती वायर दोषी. दोन्हीकडे उजेड अखंड असूनही सिलिंडर काम करत नसेल, तर तो प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन आणि टॅपेट तपासावेत. या इंजिनात १ व २ नंबरला एक आणि ३ व ४ नंबरला एक अशी हवा आत येण्याची वाट सामायिक असते. म्हणून १ आणि २ एकदम सुस्त पडले, तर पुढचा कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट पाहावे.

लपून बसणारे दोष

डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटच्या प्लेटला जोडलेल्या बारीक वायरी असतात. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे प्लेट सतत हलते आणि वर्षानुवर्षे वाकून वायरीतील तारा आतल्या आत तुटतात. वरचे कव्हर शाबूत दिसते. उभी असताना गाडी ठीक चालते, पॅडल दाबले की झटके देते. इग्निशन बंद करून, कॉइलकडून येणारी वायर सोडवून, पॉइंट मिटलेले असताना ती वायर आणि बॉडी यांमध्ये मीटर लावावा आणि प्लेट हाताने फिरवावी. रीडिंग शून्याजवळ स्थिर राहिले पाहिजे.

गाडी अर्ध्या तासाने गरम झाल्यावर मिसिंग मारते आणि थंड झाल्यावर नीट चालते, अशी तक्रार असेल तर कंडेन्सर किंवा कॉइलवर संशय घ्यावा, आणि तपासणी गरम असतानाच करावी. साध्या कॉइलची प्रायमरी सुमारे ३ ओहम दाखवते. नंतरच्या गाड्यांतील बॅलास्टवाली कॉइल सुमारे दीड ओहम. बॅलास्ट नसलेल्या गाडीत दीड ओहमची कॉइल बसवली तर पॉइंट जळतात.

नवा भाग म्हणजे चांगला भाग, असेही समजू नये. हल्ली बाजारात येणाऱ्या काही रोटरमधील रिव्हेटमधून करंट खाली दांड्यात उतरतो. काही नवे कंडेन्सरही लवकर दगा देतात. जुना पण चालू असलेला रोटर आणि कंडेन्सर गॅरेजमध्ये जपून ठेवावा. तपासणीला तो फार उपयोगी पडतो.

पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, प्लगचा ०.०२५ इंच ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि गाडी चालवून पाहावी. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो, हे जोडणीपूर्वी पाहून घ्यावे. पेट्रोलची गळती असेल तर ठिणगीची कोणतीही तपासणी करू नये.

मजुरी कशाची?

दोष दहा रुपयांच्या वायरीत सापडला तर बिल काय लावायचे, हा प्रश्न कारागिरांना पडतो. मग संकोचाने नसलेली कॉइल बिलात घातली जाते. यात धंद्याचे नुकसान आहे. तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि काम हाती घेण्यापूर्वीच ती गिऱ्हाइकाला सांगावी. काढलेला भाग त्याच्या हातात द्यावा, काय तपासले ते कागदावर लिहून द्यावे. डॉक्टर निदानाची फी घेतो, मग मिस्त्रीने का लाजावे? आणि दुकानात शागीर्द असेल तर त्याला पाना देण्याआधी मीटर हाती द्यावा. उद्या या गाड्या त्याच्याच दारात येणार आहेत.