वाइन प्यायला सुरुवात करताय? आधी माप समजून घ्या

‘डॉक्टर, दारू नाही घेत मी. पण रोज थोडी रेड वाइन घेतली तर हृदयाला चांगली असते ना?’ ओझर, नारायणगाव, जुन्नर या पट्ट्यातल्या दवाखान्यांत हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे असतात. कुणाची नुकतीच शुगर निघालेली असते, कुणाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून आलेलं असतं. दुसरा गट तरुणांचा. पुण्यात नोकरी आहे, मित्रांबरोबर एखाद-दुसऱ्यांदा वाइन चाखली आहे, आवडली आहे, खिसा मात्र बेताचा आहे. त्यांना कुठली घ्यावी, किती घ्यावी हे कळत नाही आणि विचारायला माणूस नाही.

दोन्ही गटांसाठी एकच गोष्ट आधी सांगायला हवी. वाइन द्राक्षाची असली तरी शरीराला तिच्यातलं अल्कोहोलच कळतं, आणि ते मोजता येतं.

आपल्याकडे वाइन नवी नाही

ओझरच्या विघ्नहराच्या दर्शनाला पुण्याहून येणारी गाडी नारायणगावहून वळते. त्याच नारायणगावात 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी शॅटो इंडेज ही वायनरी उभी केली. तिथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने बनणारी ‘ओमर खय्याम’ ही फसफसणारी वाइन परदेशातही जात असे. पुढे कंपनी कर्जात अडकली, पण भारतातल्या आधुनिक वाइनच्या सुरुवातीच्या पानावर आपल्या तालुक्याचं नाव आहे. महाराष्ट्र सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण 2001 मध्ये आलं आणि नाशिकचा व्यवसाय वाढला. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर मोठा वाद झाला आणि ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य घरोघरी पोचलं.

शेतमालाला भाव मिळावा हा विषय वेगळा. लिव्हरच्या दृष्टीने मात्र ते वाक्य चुकीचं आहे. त्यात आपल्याकडे दारूच्या दुकानावर पाटीच ‘वाइन्स’ अशी असते आणि आत नव्वद टक्के माल व्हिस्की, रम, बिअर. त्यामुळे ‘वाइन शॉपमधून आणली’ म्हणजे नेमकं काय आणलं, हे पेशंटला आम्हाला पुन्हा विचारावंच लागतं.

एक माप म्हणजे किती?

जागतिक आरोग्य संघटना 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोलला एक प्रमाण पेय धरते. आपण त्याला ‘एक माप’ म्हणू. 13 टक्के अल्कोहोल असलेली 100 मिली वाइन म्हणजे साधारण एक माप. व्हिस्कीचा 30 मिलीचा लहान पेगही एकच माप. म्हणजे ‘मी फक्त एक ग्लास वाइन घेतो’ असं सांगणारा माणूस जर घरातला 200 मिलीचा पाण्याचा ग्लास भरत असेल, तर तो दोन पेग घेतो आहे.

हिशेब सोपा आहे. मिली गुणिले टक्के, भागिले शंभर, आणि उत्तराला 0.8 ने गुणायचं. 750 मिलीची 13 टक्क्यांची बाटली घ्या: जवळपास 77 ग्रॅम, म्हणजे सात ते आठ मापं. दोघांनी एका संध्याकाळी ती संपवली तर प्रत्येकी चार मापांच्या आसपास. तुलनेसाठी, 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटलीही चार मापांचीच. वाइनचा ग्लास नाजूक असतो, आकडे नाजूक नसतात.

घरी एकदा करून बघा. बाळाच्या दुधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणा असतात. तिने 100 मिली पाणी मोजून तुमच्या नेहमीच्या ग्लासात ओता आणि पातळी कुठे येते ते बघून ठेवा. बहुतेकांना ती फारच खाली वाटते.

हृदयाला चांगली, हे कुठून आलं?

1991 मध्ये अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही त्यांना हृदयविकार कमी कसा, याची चर्चा झाली आणि उत्तर म्हणून रेड वाइनकडे बोट दाखवलं गेलं. पुढच्या वर्षी फ्रेंच संशोधक सर्ज रेनो यांचा याच विषयावरचा लेख ‘द लॅन्सेट’मध्ये आला. तिथून ही समजूत जगभर पसरली.

नंतर तिच्यातल्या उणिवा दिसू लागल्या. थोडी वाइन पिणारे लोक सहसा जास्त शिकलेले, बऱ्या उत्पन्नाचे, व्यायाम करणारे असतात. उलट ‘अजिबात न पिणाऱ्यां’च्या यादीत आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जात होते. साहजिकच न पिणारे जास्त आजारी दिसले. रेड वाइनमधलं रेस्व्हेराट्रॉल हे द्रव्य हृदयाचं रक्षण करतं असंही सांगतात. ते वाइनमध्ये लिटरमागे काही मिलिग्रॅम इतकंच असतं. काळ्या द्राक्षाच्या सालीत आणि शेंगदाण्यातही ते थोडं असतं. ज्याला तेच हवं आहे त्याने जुन्नरची काळी द्राक्षं खावीत, निदान झिंग तरी येणार नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावा मात्र पक्का आहे. अल्कोहोल हे कर्करोग निर्माण करणारं द्रव्य आहे, असं वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच केलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. स्तनाच्या कर्करोगाचा धोका अगदी थोड्या पिण्यानेही किंचित वाढतो. जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं की अल्कोहोलचं पूर्ण सुरक्षित असं कोणतंही प्रमाण सांगता येत नाही.

म्हणून तब्येतीसाठी वाइन सुरू करू नका. आजवर घेत नसाल तर उत्तम चाललंय. आवड म्हणून कधीमधी घ्यायची असेल आणि खालच्या यादीत तुम्ही बसत नसाल, तर ती तुमची निवड आहे आणि धोका कमी ठेवता येतो.

कुणी एक घोटही घेऊ नये

गरोदर स्त्रिया आणि गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया. हिपॅटायटिस, सिरॉसिस किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले पेशंट. क्षयाची औषधं चालू असलेले, कारण ती औषधं आधीच यकृतावर ताण देतात. झोपेच्या, फिटच्या किंवा चिंतेच्या गोळ्या घेणारे. मेथोट्रेक्सेट घेणारे. मेट्रोनिडाझोलचा कोर्स चालू असलेले, आणि कोर्स संपल्यावरही निदान तीन दिवस. पूर्वी दारूचं व्यसन असलेले आणि आता सुटलेले. ‘वाइनच तर आहे’ म्हणून त्यांना आग्रह करणारा पाहुणा त्यांचा मित्र नव्हे.

बाळाला सर्दीत ब्रँडीचे थेंब आणि बाळंतिणीला ‘ताकदीसाठी’ पोर्ट वाइन, या दोन्ही जुन्या सवयी घरातल्या मोठ्यांना समजावून बंद करा. बाळाचं यकृत अल्कोहोल हाताळू शकत नाही, आणि आईच्या रक्तातलं अल्कोहोल दुधात उतरतं.

शुगर असेल तर हे नीट वाचा

सगळ्यात जास्त काळजी मला याचीच वाटते. आपल्याकडे पार्टीची पद्धत अशी: सात-आठला बसायचं, शेंगदाणे-शेव चालू, आणि जेवण अकराला. मधुमेहाची गोळी मात्र घड्याळाप्रमाणे आठलाच घेतलेली. पोटात जेवण नसताना रक्तातली साखर टिकवण्याचं काम यकृत करतं, ते नवी साखर तयार करून सोडतं. अल्कोहोल पोटात गेलं की यकृत आधी त्याच्या मागे लागतं आणि हे काम मंदावतं. वर ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन साखर खाली ओढतच असतं. मग रात्री उशिरा, कधी पहाटे, साखर धोकादायक खाली जाते.

दरदरून घाम, थरथर, बडबड, झोक जाणं ही साखर उतरल्याची लक्षणं आणि दारू चढल्याची लक्षणं सारखीच दिसतात. घरचे म्हणतात, ‘झोपू द्या, उतरेल सकाळी.’ तसं करू नका. मधुमेही माणूस प्यायल्यानंतर असा वागला तर ग्लुकोमीटरने साखर बघा. 70 च्या खाली असेल आणि तो शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग जेवायला द्या. यंत्र नसेल तरी साखरपाणी पाजाच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

शुगर नियंत्रणात आहे, किडनी-लिव्हर ठीक आहेत आणि डॉक्टरांनी हो म्हटलंय, तर एक माप, तेही जेवताना. बैठकीत नाही. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही एका वेळी जास्त पिणं टाळावं.

रक्तदाबाच्या पेशंटसाठी वाइनइतकाच बरोबरचा खारा चखणा अडचणीचा. आणि रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन चालू असेल तर आधी विचारल्याशिवाय काहीच नको.

खिसा बेताचा असेल तर

स्वस्त वाइन महागड्या वाइनपेक्षा शरीराला जास्त अपायकारक असते असं नाही. परवानाधारक दुकानातली सीलबंद, लेबल असलेली बाटली असली की अल्कोहोल दोन्हींत तेच काम करतं. सुट्टी, बिनलेबलची, ‘ओळखीतून आलेली’ कधीच नको.

एक अपवाद आहे, पोर्ट. दुकानात सगळ्यात कमी किमतीला दिसणारी गोड लाल वाइन सहसा हीच असते. नवशिक्याला ती सरबतासारखी लागते आणि तिथेच फसगत होते. 100 मिलीत दोन चमच्यांच्या आसपास साखर असू शकते आणि गोडपणामुळे प्रमाण कळत नाही. ‘ड्राय’ लिहिलेल्या वाइनमध्ये साखर त्या मानाने नगण्य असते. सुरुवातीला ड्राय आंबट-तुरट लागते, पण तीच हळूहळू, घोट घोट प्यायली जाते.

मोठी बाटली दर मिलीला स्वस्त पडते हे खरं. पण उघडलेली बाटली ‘खराब होईल’ म्हणून संपवली जाते, आणि मग स्वस्ताई अंगाशी येते. 375 मिलीची अर्धी बाटली किंवा छोटा कॅन घ्या. मोठीच घेतली तर बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, पांढरी आणि लाल दोन्ही तीन-चार दिवस चांगल्या राहतात. तिसऱ्या दिवशी उरलेली पांढरी भाजीच्या रश्श्यात घातली तरी वाया जात नाही (लहान मुलांच्या ताटात मात्र तो रस्सा नको, शिजवूनही सगळं अल्कोहोल उडत नाही).

सुरुवातीला देशी शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां घेऊन बघा. लेबलवरचं साल जवळचं असावं, कारण अशा साध्या पांढऱ्या वाइन जुन्या होऊन सुधारत नाहीत. उन्हाच्या झळीत मांडलेली बाटली घेऊ नका. लाल वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी हे युरोपातल्या खोलीसाठी आहे, जुन्नरच्या एप्रिलसाठी नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. आपल्या मासवडीच्या झणझणीत रश्श्याबरोबर तुरट लाल वाइन तिखट आणखी पेटवते, किंचित गोडसर पांढरी बरी लागते. लाल घेतल्यावर दरवेळी डोकं दुखत असेल तर ती सोडा, गोळी घेऊन पिऊ नका. दमा असलेल्यांपैकी काहींना वाइनमधल्या सल्फाइटमुळे धाप लागते. असं एकदा झालं तर पुन्हा प्रयोग नको.

किती? ब्रिटनमधला अधिकृत सल्ला आठवड्याला 112 ग्रॅम अल्कोहोलच्या वर जाऊ नका असा आहे. माझं मत त्याहून कडक आहे: निरोगी माणसाने आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी एक माप, जेवणासोबत. स्त्रियांमध्ये तेवढ्याच वाइनने रक्तातली पातळी जास्त चढते, तेव्हा त्यांनी याच्या वर जाऊच नये.

गाडी आणि परवाना

महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, वाइनलाही. गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल हा गुन्हा आहे. शरीर एक माप जिरवायला तासभर किंवा जास्त घेतं. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याने अंघोळ, कशानेही ते लवकर उतरत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर रात्री परत यायचं असेल तर चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये.

कधी विचारावं?

ठरवल्यापेक्षा जास्त होतंय, न घेता चैन पडत नाही, घरच्यांनी टोकलं की राग येतो, किंवा सकाळी हात थरथरतात, यातलं काहीही असेल तर फॅमिली डॉक्टरांशी बोला. रोज भरपूर घेणाऱ्याने एकदम स्वतःहून बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, औषधांच्या देखरेखीखाली सोडावी लागते. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतं. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे आणि तिथे पेशंटऐवजी घरच्यांनी फोन केला तरी चालतो.