प्रबंधाची जुळणी : वर्ड प्रोसेसर की अक्षरजुळणी-प्रणाली?

ग्रंथाचे लेखन आणि ग्रंथाची जुळणी ही पूर्वी दोन वेगळ्या माणसांची कामे होती. लेखक हस्तलिखित सिद्ध करी, छापखान्यातील जुळारी खिळे जुळवून त्यास पृष्ठाचे रूप देई आणि मुद्रितशोधक दोहोंची पडताळणी करी. शीर्षक किती मोठ्या टाइपात घ्यावयाचे, तळटिपेच्या वर किती जागा सोडावयाची, ओळ कोठे तोडावयाची, हे निर्णय छापखान्याचे असत. संगणकाने या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आणल्या. आजचा संशोधक विद्यार्थी स्वतःच लेखक, स्वतःच जुळारी आणि बहुधा स्वतःच मुद्रितशोधक असतो. प्रबंध वर्ड प्रोसेसरमध्ये लिहावा की लेटेकसारख्या अक्षरजुळणी-प्रणालीत, हा प्रश्न यातूनच उद्भवतो. त्याचे उत्तर बहुधा सवयीने किंवा मित्राच्या आग्रहाने दिले जाते. परंतु तीन-चार वर्षे चालणाऱ्या आणि पुढे कित्येक वर्षे ग्रंथालयात राहावयाच्या लेखनाच्या बाबतीत हा निर्णय थोडा विचारपूर्वक घेणे इष्ट होय.

१. दोन पद्धतींतील मूलभूत भेद

वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिणाऱ्यास पडद्यावर जे दिसते तेच कागदावर उमटते. १९८३ साली निघालेला मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि २०१० पासून उपलब्ध असलेला लिबरऑफिस रायटर ही या वर्गाची परिचित उदाहरणे होत. मजकूर आणि त्याचे रूप येथे एकाच वेळी, एकाच ठिकाणी घडते. लेटेकमध्ये लेखक साधी मजकूर-फाइल लिहितो. अमुक ओळ प्रकरणाचे शीर्षक आहे, अमुक मजकूर तळटीप आहे, अमुक समीकरणास क्रमांक हवा आहे, एवढेच तो आज्ञांच्या साहाय्याने नोंदवितो. त्या फाइलीवर प्रणाली चालविली म्हणजे पृष्ठे तयार होतात. शीर्षकाचे रूप कसे असावे हे स्वतंत्रपणे एकदाच ठरविलेले असते.

या भेदाचा परिणाम दीर्घ लेखनात जाणवतो. समजा, मार्गदर्शकांच्या सूचनेवरून दुसरे प्रकरण तिसऱ्याच्या जागी न्यावयाचे ठरले. मजकुरात ठिकठिकाणी ‘आकृती २.४ पाहा’, ‘कोष्टक २.१ वरून दिसते’ असे उल्लेख असतात. लेटेकमध्ये आकृतीस एक खूणनाव दिलेले असते आणि उल्लेखाच्या जागी आकड्याऐवजी तेच नाव लिहिलेले असते. त्यामुळे प्रकरणे हलविली तरी फाइल पुन्हा चालविताच सर्व क्रमांक आपोआप जुळतात. वर्ड प्रोसेसरमध्येही ही सोय आहे. शीर्षकांसाठी शैली नेमता येते, अनुक्रमणिका आपोआप तयार करता येते. तथापि तेथे ती वापरणे ऐच्छिक असते. अक्षर ठळक आणि मोठे केले की शीर्षक झाले, अशा समजुतीने तीनशे पृष्ठे लिहिणाऱ्यास कोणी अडवीत नाही, आणि त्याची किंमत प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात मोजावी लागते. एका पद्धतीत शिस्त सक्तीची आहे, दुसरीत ती लेखकाच्या विवेकावर सोपविलेली आहे.

२. टेकचा उगम आणि वैशिष्ट्ये

लेटेकचा पाया असलेली ‘टेक’ ही प्रणाली स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनल्ड क्नूथ यांनी निर्माण केली. त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली धातूच्या टाइपात जुळविला गेला होता. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ साली हाती आली, तेव्हा प्रकाशकाने फोटोजुळणीचे नवे तंत्र स्वीकारले होते. अक्षरांचा आणि गणिती चिन्हांचा उतरलेला दर्जा पाहून क्नूथ असमाधानी झाले आणि त्यांनी जुळणीचा प्रश्नच संगणकाने सोडविण्याचे ठरविले. पहिली आवृत्ती १९७८ साली झाली, १९८२ साली ती नव्याने लिहिली गेली, आणि १९९० साली त्यांनी जाहीर केले की यापुढे तीत भर न घालता केवळ दोष काढले जातील. तिचा आवृत्ती-क्रमांक दर दुरुस्तीगणिक ‘पाय’ या गणिती स्थिरांकाच्या मूल्याकडे एकेका अंकाने सरकतो. लेझ्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात टेकवर लेटेकची उभारणी केली आणि सामान्य लेखकास ती प्रणाली वापरणे शक्य झाले.

टेकचे सर्वांत महत्त्वाचे योगदान ओळ तोडण्याच्या पद्धतीत आहे. सामान्य वर्ड प्रोसेसर एकेक ओळ भरीत जातो. ओळ भरली की पुढची. क्नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत संपूर्ण परिच्छेद एकत्र विचारात घेतला जातो. शब्दांमधील जागा जितकी ताणावी वा आवळावी लागेल तितका दोष त्या ओळीच्या नावे मांडला जातो, शब्द तोडावा लागल्यास त्याचा दंड वेगळा. आणि सर्व ओळींचा मिळून दोष किमान राहील अशी रचना निवडली जाते. शेवटच्या ओळीची अडचण टाळण्यासाठी पहिली ओळ निराळ्या ठिकाणी तुटू शकते, ते यामुळेच. दोन्ही समासांना भिडणाऱ्या ओळींत शब्दांमधून पडणाऱ्या पांढऱ्या भेगा त्यामुळे पुष्कळ कमी होतात. कुशल जुळारी नजरेने जे साधी, ते येथे गणिताने साधले जाते.

३. कार्यक्षमतेचा प्रश्न

लेटेकमुळे काम जलद होते, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात. हा दावा सरसकट मान्य करता येत नाही. क्नाउफ आणि नेयास्मिच या संशोधकद्वयाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० संशोधकांना वर्ड अथवा लेटेक वापरून दिलेला मजकूर अर्ध्या तासात हुबेहूब उतरविण्यास सांगितले होते. सलग गद्य आणि कोष्टक या दोन्ही बाबतींत वर्ड वापरणारे सरस ठरले. लेटेकमध्ये मुरलेल्यांच्या हातूनही चुका अधिक झाल्या. समीकरणांनी भरलेल्या मजकुरात मात्र लेटेक सरस ठरली.

या निष्कर्षाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. अर्ध्या तासाच्या प्रतिलेखनात प्रकरणे हलविणे, संदर्भांचे स्वरूप बदलणे, दोन वर्षांपूर्वीच्या मसुद्याशी आजचा मसुदा ताडून पाहणे यांपैकी काहीच येत नाही, आणि प्रबंधाचा खरा वेळ तर याच कामांत जातो. तरीही अभ्यासाने दाखविलेली एक गोष्ट नाकारता येत नाही: समीकरणे नसलेल्या गद्याच्या टंकलेखनात लेटेकचा लाभ गृहीत धरणे निराधार होय.

४. मराठी प्रबंधाची विशेष बाजू

मराठीत लिहिणाऱ्यास या दोन पद्धतींच्या आधी आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो अधिक दूरगामी असतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या पुष्कळ टंकांत रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. पडद्यावर ‘क’ दिसे. फाइलीत मात्र एखादे रोमन अक्षर साठविलेले असे. तो टंक संगणकावर नसेल तर संपूर्ण प्रकरण निरर्थक रोमन अक्षरांची रास म्हणून उघडते. अशा मजकुरात शब्दशोध चालत नाही, आणि प्रत्येक निर्मात्याची मांडणी वेगळी असल्याने रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार प्रबंधांच्या संगणकीय प्रती जमा होऊ लागल्या व शोधगंगेसारख्या संग्रहात त्या खुल्या झाल्या. परंतु जुन्या टंकातील प्रबंध तेथे असूनही त्यातील शब्द शोधणाऱ्यास सापडत नाही. संशोधकाच्या कित्येक वर्षांच्या श्रमाची ही हानी होय, आणि ती कोणत्याही सुंदर जुळणीने भरून येत नाही.

युनिकोडमधील देवनागरी १९९१ पासून उपलब्ध आहे. त्याच वर्षी फ्रान्स वेल्ट्हाउस यांनी टेकसाठी देवनागरीची सोय केली. तीत मजकूर रोमन लिप्यंतरात लिहावा लागे. जोनाथन क्यू यांच्या झीटेक या २००४ च्या प्रणालीमुळे युनिकोड देवनागरी थेट लिहिता येऊ लागली. वर्ड आणि लिबरऑफिसही आज युनिकोड उत्तम हाताळतात. म्हणजे या बाबतीत दोन्ही मार्ग आता मोकळे आहेत.

काही सूक्ष्म गोष्टी मात्र दोहोंकडे तपासून घ्याव्या लागतात. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत अर्थाचा भेद आहे. दुसऱ्या शब्दातील र टंकात नीट उमटतो की नाही हे आधीच पाहावे. ल आणि श यांची मराठी वळणे टंकात असली तरी मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदविली नसेल तर हिंदी वळणे येऊ शकतात. शब्दसूची केवळ संकेतक्रमाने लावल्यास ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो आणि क्ष क-मध्ये मिसळतो. मराठी वर्णमालेत त्यांचे स्थान ह-नंतरचे आहे. शिवाय पीडीएफमधून मजकूर उचलताना ऱ्हस्व वेलांटी पुष्कळदा आपल्या अक्षरापासून सुटते. यास्तव पीडीएफबरोबर मूळ युनिकोड फाइल जपून ठेवणे अगत्याचे आहे.

५. निवडीचे निकष

पहिला निकष विषयाचा. गणित, सैद्धांतिक भौतिकी, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र या शाखांत लेटेक ही जवळजवळ व्यवहारभाषाच झाली आहे. १९९१ साली सुरू झालेल्या आर्काइव्ह या संग्रहात टेकच्या मूळ फाइली स्वीकारल्या जातात. या शाखांतील विद्यार्थ्याने एम.एस्सी.च्या वर्षातच ती शिकून घ्यावी. प्रबंध सादर करावयाच्या वर्षी शिकू नये. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र या क्षेत्रांत नियतकालिके बहुधा वर्डची फाइल मागतात, आणि केवळ पृष्ठाच्या सौंदर्यासाठी लेटेक पत्करल्यास अखेरीस रूपांतराचा त्रास पदरी पडतो.

दुसरा निकष सहकाऱ्यांचा. मार्गदर्शक मसुद्यावर दुरुस्त्या कशा करतात, हे पाहावे. वर्डमधील दुरुस्तीची नोंद वापरणाऱ्या मार्गदर्शकांपुढे आज्ञांनी भरलेली फाइल ठेवणे उचित नव्हे. उलट, दोघेही लेटेक जाणत असतील तर साध्या मजकूर-फाइलींची ओळीओळीने तुलना करता येते आणि प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो.

तिसरा निकष टिकाऊपणाचा. साधी मजकूर-फाइल कोणत्याही संगणकावर वाचता येते, हा लेटेकचा मोठा गुण. परंतु लिबरऑफिसच्या फाइलीचे स्वरूप २००६ साली आणि वर्डच्या नव्या फाइलीचे २००८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाले असल्याने, वर्ड प्रोसेसरची फाइल म्हणजे बंद पेटी, हा जुना आक्षेप आज तितका खरा राहिलेला नाही.

चौथी गोष्ट दोन्ही मार्गांना समान आहे. वर्ड प्रोसेसर निवडणाऱ्याने पहिल्या दिवसापासून शीर्षकांना शैली नेमाव्यात, क्रमांक हाताने टंकू नयेत आणि संदर्भांसाठी झोटेरोसारखे साधन वापरावे. लेटेक निवडणाऱ्याने विभागासाठी एक प्रमाण साचा एकदाच तयार करून घ्यावा आणि पृष्ठाच्या सजावटीत लेखनाचा वेळ दवडू नये. विभागांनीही प्रबंधाच्या नियमावलीत समासाची रुंदी आणि अक्षराचा आकार एवढेच न सांगता युनिकोडचा वापर आणि मूळ फाइल जमा करणे बंधनकारक करावे. जुळाऱ्याचे काम आता लेखकाकडे आले आहे. निदान त्याला लागणारे साचे आणि नियम पुरविण्याची जबाबदारी तरी संस्थेने उचलली पाहिजे.