पाट का चिरला?

आज बोलू या सुतारकामाच्या व्हिडिओंबद्दल.

आमच्या गटाने घरामागच्या पडवीत छोटंसं सुतारकाम सुरू केलं. गावातल्या सुतारकाकांनी करवत, रंधा, पटाशी धरायला शिकवलं. इतर गावच्या बायका म्हणायच्या, "आम्हालाही दाखवा की!" पण रोजंदारी सोडून कोण येणार? म्हणून एकीने मोबाईल धरला, दुसरीने काम केलं आणि जेवायला बसायच्या पाटाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला. सगळ्यांना आवडला.

दीड महिन्याने शेजारच्या गावातल्या एका ताईंचा फोन आला. "तुमचं बघून पाट केला, तर मधोमध चिरला. सहाशे रुपये पाण्यात गेले. घरात म्हणतात, हे काय बाईचं काम आहे?" पैशापेक्षा ते बोलणं त्यांना लागलं होतं. आम्हालाही लागलं.

काकांनी चिरलेला पाट उलटा करून पाहिला आणि विचारलं, "फळी कुठली?" ताईंनी आंब्याची फळी वखारीतून नुकतीच कापून आणलेली होती. आमची फळी मात्र जुन्या दाराची, वर्षानुवर्षं वाळलेली. व्हिडिओत आम्ही खोटं काहीच बोललो नव्हतो, पण हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

ओलं लाकूड वाळताना आकसतं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही. रुंदीत बरंच आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. पाटाखालच्या दोन आडव्या पट्ट्या लांबीत तशाच राहतात. त्या फळीला गोंदाने पक्क्या चिकटवल्या, तर फळीला आकसायला वावच उरत नाही. मग ती चिरते. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं ना, तीच ही गोष्ट, फक्त उलटी.

मग करायचं काय?

फळी आणली की वजन करा आणि ते तिच्यावरच पेन्सिलीने लिहा. सावलीत, हवेशीर जागी, खाली चिपाट्या ठेवून आडवी ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा वजन करा. कमी भरलं, तर फळी अजून वाळतेय. एक इंच जाडीला साधारण वर्षभर लागतं, असा सुतारांचा ठोकताळा आहे. घाई असेल तर जुनं, वाळलेलं लाकूड घ्या. त्यातले खिळे मात्र आधी काढा.

पट्ट्या गोंदाने चिकटवू नका, स्क्रूने बसवा. पट्टीचं मधलं भोक स्क्रूच्या मापाचं ठेवा. कडेची दोन भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेने थोडी लांबट करा. म्हणजे फळी आकसली-फुगली तरी स्क्रू तिच्याबरोबर सरकतो.

पुढचा व्हिडिओ आम्ही ताईंच्याच अंगणात केला. आधी चिरलेला पाट दाखवला, मग नवा केला. आमच्याकडची वाळलेली फळी ताईंना दिली. करवत त्यांनीच चालवली. सगळ्यात जास्त प्रश्न याच व्हिडिओवर आले.

तुम्हीही व्हिडिओ कराल, तर एवढं लक्षात ठेवा. मोबाईल आडवा धरा, आधी काच पुसा. उजेड कामावर पडू द्या. मशीन चालू असताना बोलू नका, बंद करून सांगा. एका व्हिडिओत एकच वस्तू दाखवा. टेप लावून माप दाखवा आणि तोंडानेही सांगा. लाकूड कुठलं, किती जुनं, किती खर्च आला, हे नक्की सांगा. बोली आपलीच ठेवा. जिचा चेहरा दिसणार, तिला आधी विचारा.

काम करताना पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या काढलेल्या हव्यात. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क हवा. फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालू नका, ते अडकून हात ओढला जातो. बघणारी बाई आपण करतो तेच करते. म्हणून दोन मिनिटांच्या व्हिडिओसाठीही यात सूट नाही.

आणि काही चुकलं, तर तो भाग कापून टाकू नका. आपली एक चूक दिसली, तर दुसऱ्या घरची फळी वाचते.

ताईंचा दुसरा पाट दोन पावसाळे झाले, शाबूत आहे. आता त्याच्यावर त्यांचे सासरे जेवायला बसतात.