वाट पाहायची वेळ आली की चिडचिड होते? संयम वाढवता येतो

छत्रपती संभाजीनगरच्या लोकांना वाट पाहणे नवीन नाही. जायकवाडी धरण भरले तरी शहरातील अनेक वसाहतींनी वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याची वाट पाहिली आहे. त्यात जालना रोडवरचे सिग्नल आणि घाटीच्या ओपीडीतील रांग. अशा वेळी डोके तापते आणि राग बहुतेकदा घरच्यांवर निघतो. ‘माझा स्वभावच तसा आहे’ असे रुग्ण सांगतात. स्वभावाचा भाग असतोच, पण संयम सरावाने वाढतो.

शरीरात काय होते?

अडथळा आला की मेंदू त्याला धोका समजतो. ॲड्रेनालिन स्रवते, नाडी जलद होते, रक्तदाब तात्पुरता वाढतो. विचार करून थांबवणारा मेंदूचा पुढचा भाग अशा वेळी मागे पडतो. म्हणूनच रक्तदाब मोजण्यापूर्वी किमान 5 मिनिटे शांत बसायला सांगतात.

हे रोजचेच झाले तर? अमेरिकेत 18 ते 30 वयोगटातील 3,308 जणांचा 15 वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात घाई, अधीरता आणि शत्रुत्वाची भावना जास्त होती, त्यांच्यात पुढे उच्च रक्तदाबाचे प्रमाण अधिक आढळले. अधीरता हेच एकमेव कारण आहे, असा याचा अर्थ नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नाही.

वाट पाहणे इतके जड का जाते?

त्रास वेळेपेक्षा अनिश्चिततेचा जास्त असतो. ‘पाणी उद्या सकाळी 6 वाजता येईल’ हे कळले तर माणूस निवांत झोपतो. ‘येईल कधीतरी’ म्हटले की रात्रभर कान नळाकडे लागतात.

लहान मुलांवरील एका प्रयोगात हेच दिसले. शब्द पाळणाऱ्या मोठ्या माणसाने थांबायला सांगितले, तेव्हा मुले गोड खाऊसमोर सरासरी 12 मिनिटे थांबली. शब्द मोडणाऱ्याने सांगितले, तेव्हा जेमतेम 3 मिनिटे. म्हणजे मुलांना संयम शिकवायचा असेल, तर आधी आपण दिलेला शब्द पाळायला हवा.

काय करावे?

- श्वास लांबवा. 4 आकडे मोजत श्वास घ्या, 6 मोजत सोडा. असे 2 ते 3 मिनिटे करा. दम लागत असेल तर जबरदस्ती करू नका.
- आधीच ठरवा. ‘सिग्नल लाल झाला की हॉर्नवरचा हात काढेन आणि खांदे सैल सोडेन.’ नेमके ठरवलेले ऐनवेळी आठवते.
- वेळ राखून निघा. 10 मिनिटे लवकर निघालात तर अर्धी चिडचिड घरीच राहते.
- पोट आणि झोप सांभाळा. उपाशीपोटी आणि अपुऱ्या झोपेत संयम लवकर सुटतो.
- उत्तर लांबणीवर टाका. रागात लिहिलेला मेसेज तासाभराने पुन्हा वाचा, मगच पाठवा.
- छोटा सराव करा. दिवसातून एकदा मुद्दाम थोडे थांबा. घरातल्या ज्येष्ठांचे बोलणे मध्ये न तोडता पूर्ण ऐका.

संयम म्हणजे सहन करत राहणे नव्हे

पैठणच्या संत एकनाथांना ‘शांतिब्रह्म’ म्हणतात. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्यावर न रागावता ते दर वेळी गोदावरीत स्नानाला गेले, अशी आख्यायिका आहे. पण रूढी मोडताना हेच नाथ मागे हटले नाहीत. पाणी आले नाही तर तक्रार जरूर करा. शांत डोक्याने केलेली तक्रार नेमकी असते. घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर तिथे संयम नव्हे, मदत हवी.

डॉक्टरांकडे कधी जावे?

चिडचिड अलीकडेच वाढली असेल आणि सोबत वजन घटणे, धडधड, हात थरथरणे असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, झोप न लागणे, व्यसन सोडताना होणारी तगमग, रागात हात उगारला जाणे, यासाठीही डॉक्टरांना भेटा. ‘टेली मानस’च्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

सुरुवात एकाच प्रसंगापासून करा. रोज जिथे हमखास तोल जातो, तो प्रसंग निवडा आणि आठवडाभर तेवढाच सांभाळा.