एका टक्क्याने काळ ठरतो का? डोमेकाइट आणि दायमाबादचे तांबे

खनिजांच्या जगात : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण वेरूळ-अजिंठ्याच्या काळ्या खडकातील पोकळ्यांमध्ये वाढणारी झिओलाइट खनिजे पाहिली. आजचे खनिज आपल्या खडकात मिळत नाही. तरीही त्याचा विचार केल्याशिवाय आपल्या परिसरातील एका फार मोठ्या वादाचा नीट निवाडा होणार नाही, असे माझे मत आहे. छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे निघाले की गोदावरीचा पूल ओलांडताच प्रवरासंगम लागतो. त्याच प्रवरेच्या काठी, बरेच वरच्या अंगाला, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे झाडाचे मूळ खणताना एका गावकऱ्याला चार ओतीव धातुशिल्पे सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ अशी ही भरीव शिल्पे असून त्यांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक आहे. एस. आर. राव, एस. ए. साळी, एम. एन. देशपांडे यांसारख्या अभ्यासकांनी त्यांचा काळ उत्तर हडप्पा, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानला. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखवले. या शिल्पांत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे आणि इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत आर्सेनिकचे मिश्रण दिसत नाही, म्हणून ही शिल्पे बरीच नंतरची, ऐतिहासिक काळातील असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. माझे म्हणणे असे की एक टक्का हा आकडा काळ ठरवण्यास असमर्थ आहे, आणि त्याची असमर्थता तांब्याच्या आर्सेनाइड खनिजांच्या वर्गीकरणातून सर्वांत स्वच्छ दिसते.

या खनिजांत मुख्य आहे डोमेकाइट. आजच्या बेलारूसमध्ये जन्मलेले आणि चिलीत आयुष्य घालवलेले पोलिश खनिजतज्ज्ञ इग्नात्सी दोमेयको यांच्या सन्मानार्थ ऑस्ट्रियाच्या हायडिंगर यांनी १८४५ मध्ये हे नाव दिले. तांब्याच्या तीन अणूंमागे आर्सेनिकचा एक अणू अशी त्याची घडण आहे, म्हणजे वजनाने जवळपास २८ टक्के आर्सेनिक. ताजा तुकडा फोडला तर आतला रंग कथलासारखा पांढरा किंवा पोलादी करडा दिसतो. हवा लागली की तो पिवळसर आणि मग तपकिरी होतो, त्यामुळे खाणीत पडलेला तुकडा पाहून आत काय आहे याचा अंदाज येत नाही. कठिणता मोहच्या मापावर तीन-साडेतीन, म्हणजे चाकूने ओरखडा उठावा इतकी. घनता मात्र पाण्याच्या साडेसात-आठपट, आपल्या गारगोटीच्या जवळजवळ तिप्पट. चकाकी पूर्ण धातूची, आणि पातळ कडेतूनही प्रकाश आरपार जात नाही. तापवला की सहज वितळतो आणि लसणासारखा वास सोडतो. हा वास आर्सेनिकची जुनी ओळख आहे, आणि तो सुटू लागला की विषारी धूर सुरू झाला असे समजायचे. त्या धुरातून थंड होऊन जी पांढरी पूड जमते तो आपल्याकडचा सोमल. हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकची गंधकाशी झालेली संयुगे आपल्या रसशास्त्राला आणि चित्रकारांना पूर्वीपासून ठाऊक होती. त्यांच्यात आर्सेनिक गंधकाच्या सोबतीने येतो, आणि डोमेकाइटमध्ये मात्र थेट तांब्याशी बांधलेला असतो. सगळी गुंतागुंत या बांधणीपासून सुरू होते.

गुंतागुंत अशी की आर्सेनिक ना पूर्ण धातू ना पूर्ण अधातू. तांबे, आर्सेनिक आणि गंधकाच्या टेनान्टाइटसारख्या खनिजात तो गंधकासमोर धातूच्या बाजूला बसतो. निकेल-आर्सेनिकच्या निकेलाइनमध्ये किंवा लोह-आर्सेनिकच्या लोलिन्गाइटमध्ये तो धातूसमोर गंधकाची जागा घेतो. आणि डोमेकाइटमध्ये तांबे इतके जास्त आहे की समोरासमोरचे हे नातेच पुसट होऊन मिश्रधातूचे लक्षण दिसू लागते. ह्यूगो स्ट्रुन्झ यांनी १९४१ पासून मांडलेल्या आणि पुढे खनिजतज्ज्ञ निकेल यांच्या सहभागाने सुधारलेल्या वर्गीकरणात ही अडचण प्रामाणिकपणे नोंदलेली आहे. आर्सेनाइडे दुसऱ्या वर्गात, सल्फाइडांबरोबर ठेवली आहेत, आणि त्या वर्गात धातू आणि गंधक-आर्सेनिक यांच्या अणूंचे प्रमाण पाहून पायऱ्या पाडल्या आहेत. निकेलाइन समप्रमाणाच्या पायरीवर येते आणि लोलिन्गाइट एकास दोनच्या. डोमेकाइट आणि त्याहूनही जास्त तांबे असलेले अल्गोडोनाइट यांना या पायऱ्यांवर जागा नाही. त्यांच्यासाठी वर्गाच्या अगदी तोंडाशी, धातू आणि अर्धधातूंच्या मिश्रणांचा वेगळा कप्पा आहे. मागे पाऊल टाकले की शुद्ध तांब्याचा पहिला वर्ग, पुढे टाकले की सल्फाइडे. दोन वर्गांच्या सीमेवरचे हे खनिज म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. निसर्गाने घडवलेला आर्सेनिकयुक्त धातू आणि माणसाने भट्टीत घडवलेला आर्सेनिकयुक्त धातू यांच्यातली रेघ कुठे ओढायची, हा प्रश्न त्याच्याइतक्या थेटपणे फार थोडी खनिजे विचारतात.

अमेरिकेतील मिशिगन राज्यातील किविनॉ भागात याचे उत्तम उदाहरण आहे. तिथला खडकही आपल्या दख्खनसारखा लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला आहे, फक्त वयाने सुमारे एक अब्ज दहा कोटी वर्षे, म्हणजे आपल्या साडेसहा कोटींच्या खडकाहून कितीतरी जुना. त्या थरांना छेदणाऱ्या भेगांत मोहॉक नावाच्या खाणीजवळ तांब्याचे आर्सेनाइड भरपूर सापडले आणि त्याला मोहॉकाइट असे वेगळे नाव मिळाले. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तो एक पदार्थ नसून डोमेकाइट, अल्गोडोनाइट आणि शुद्ध तांबे यांचे बारीक गुंतलेले मिश्रण आहे, असे उघड झाले. आज मोहॉकाइट खनिजांच्या यादीत नाही. संपूर्ण तुकड्यात आर्सेनिक किती टक्के, या प्रश्नाचे उत्तर बरोबर असूनही तो पदार्थ कोणता, हे त्यातून कळले नव्हते. आतल्या रचनेने ते कळले.

डोमेकाइटच्या बाबतीत आतली रचना याहून पुढची गोष्ट सांगते. तीन तांबे-एक आर्सेनिक हे एकच सूत्र अणूंच्या दोन मांडण्यांत बसते. कमी तापमानाला, भूगर्भातील कोमट द्रावणातून साकारलेले खनिज घनाकृती मांडणीचे असते. तापमान वाढले की त्याच अणूंची षट्कोनी प्रकारची मांडणी टिकाऊ ठरते, आणि वितळलेल्या धातूतून थंड होताना हीच दुसरी मांडणी मिळते. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय खनिज संघटनेच्या वतीने निकेल यांनी खनिजाची जी व्याख्या मांडली तिचा गाभा भूशास्त्रीय प्रक्रियेतून निर्माण होणे हा आहे. त्यामुळे भट्टीत तयार झालेले तेच संयुग खनिज ठरत नाही. काही वाचकांना हा भेद कागदी वाटेल. सूत्र एक, रंग एक, वजन एक, मग नाव कशाला वेगळे, असा त्यांचा आक्षेप असेल. पण इथे नावामागे इतिहास आहे. घनाकृती मांडणी सांगते की हा पदार्थ त्या रूपात घडल्यानंतर फार तापलेला नाही, आणि षट्कोनी मांडणी उष्णतेची साक्ष देते. म्हणजे वर्गीकरण पदार्थाच्या घटकांबरोबर त्याचा प्रवासही टिपते. टक्केवारी हे करू शकत नाही, कारण प्रवास कसाही झाला तरी अणूंची मोजणी तीच राहते.

आता दायमाबादकडे वळू. आर्सेनिकयुक्त तांबे दोन वाटांनी बनते. कारागीर तांब्यात मुद्दाम आर्सेनिकचे खनिज घालतो, किंवा ज्या खनिजापासून तांबे काढले त्यातच आर्सेनिक असतो आणि तो धातूत उतरतो. अग्रवाल यांच्या युक्तिवादात पहिली वाट गृहीत धरलेली आहे, कारण मिश्रण मुद्दाम करण्याची विद्या ताम्रपाषाण काळी नव्हती असे म्हणायचे तर आर्सेनिक मुद्दामच आला असावा लागतो. हिशोब करून पाहू. साठ किलो धातूत एक टक्का म्हणजे सहाशे ग्रॅम आर्सेनिक. तेवढा आर्सेनिक सुमारे दोन किलो शंभर ग्रॅम डोमेकाइटमध्ये असतो, आणि घनता पाहता ते पाव लिटरहून थोड्याशाच मोठ्या भांड्यात मावेल. खनिज आर्सेनोपायराइट (लोह, आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज) असेल, तर त्यात ४६ टक्के आर्सेनिक असल्याने सव्वा किलोच्या आसपास पुरेल. भट्टीत काही आर्सेनिक उडून जातो हे धरून हा आकडा दुप्पट केला तरी, साठ किलो तांबे मिळवायला जितके खनिज लागते त्याच्या तुलनेत तो क्षुल्लक आहे. राजस्थानातील खेत्री पट्ट्यात तांब्याच्या खनिजासोबत आर्सेनोपायराइट आढळतो. इराणमध्ये अनारकजवळील तालमेसी येथे तर डोमेकाइट आणि अल्गोडोनाइट हीच तांब्याची खनिजे म्हणून मिळतात. अशा ठिकाणचा माल भट्टीत गेला तर कारागिराला आर्सेनिकचे नाव माहीत नसतानाही एक टक्का सहज उतरतो. आपल्या दख्खनच्या खडकात तांब्याचे असे साठे नाहीत, म्हणजे दायमाबादला तांबे बाहेरूनच आले. कुठून आले हा खरा प्रश्न आहे, आणि आर्सेनिक आधी त्याच प्रश्नाशी जोडला पाहिजे.

यावर दोन गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा की आर्सेनिक उडून जाणारा पदार्थ आहे. धातूविना तो सुमारे ६१५ अंशांना वायू होतो आणि तांबे वितळायला १,०८५ अंश लागतात, तेव्हा नकळत आलेला आर्सेनिक टिकेल कसा? उत्तर डोमेकाइटनेच दिले आहे. आर्सेनिक तांब्याशी घट्ट बांधला जातो. कोळशाने भरलेल्या, हवा कमी असलेल्या भट्टीत तो धातूत विरघळून राहतो, आणि हवेत उघड्यावर पुन्हा पुन्हा वितळवले तर मात्र ऑक्साइड होऊन निघून जातो. म्हणून टक्केवारी एकदाच वितळवलेल्या आणि वारंवार वितळवलेल्या धातूत वेगळी दिसू शकते. एकाच खाणीतले तांबे एका वस्तूत दीड टक्का आर्सेनिक दाखवील आणि मोडीतून पुन्हा ओतलेल्या दुसऱ्या वस्तूत पाव टक्का. दोन्ही वस्तू एकाच पिढीत ओतल्या गेलेल्या असू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. तांब्यात सुमारे आठ टक्क्यांपर्यंत आर्सेनिक विरघळू शकतो, मग एक-दीड टक्क्याच्या शिल्पात डोमेकाइटसारखे संयुग असणारच नाही, तर रचनेच्या गोष्टींचा इथे उपयोग काय? तत्त्वतः हे खरे आहे. आमटीतल्या मिठासारखा आर्सेनिक तिथे वेगळा दिसणार नाही. पण ती आदर्श स्थिती, फार सावकाश थंड होणाऱ्या धातूची. ओतकाम थंड होताना आधी तांबे-बहुल फांद्यांसारखे स्फटिक वाढतात आणि आर्सेनिक उरलेल्या द्रवात साचत जातो. तो शेवटचा द्रव तब्बल ६८५ अंशांपर्यंत पातळ राहू शकतो आणि मग फांद्यांच्या मधल्या फटींत गोठतो. त्यामुळे एकूण प्रमाण कमी असतानाही एखाद्या फटीत आर्सेनाइड सापडणे शक्य असते. कधी हा द्रव आकुंचनामुळे बाहेरच्या बाजूला ढकलला जातो आणि पृष्ठभागावर चंदेरी, आर्सेनिक-बहुल थर जमतो. अशा वस्तूचे मोजमाप फक्त वरच्या थरावरून घेतले तर आकडा फुगतो. याखेरीज तांब्यात अडकलेले सल्फाइडचे सूक्ष्म कण, निकेल, अँटिमनी आणि लोह यांचे अंश हेही मूळ खनिजाविषयी बोलतात. आर्सेनोपायराइट किंवा टेनान्टाइटमधून आलेल्या धातूत गंधकाची खूण उरण्याची शक्यता जास्त, डोमेकाइटमधून आलेल्या धातूत कमी. एका टक्क्याच्या आकड्यात या सगळ्या शक्यता गुंडाळल्या गेल्या आहेत.

अग्रवाल यांच्या मांडणीचा बळकट भाग तुलनेचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत आर्सेनिक नाही, मग याच चारांत का? पण तुलना कोणाशी करायची? दायमाबादला एकामागून एक सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा संस्कृती नांदल्या. जोर्वेच्या कुऱ्हाडी स्थानिक वापराच्या, छोट्या आणि वेगळ्या काळातील. शिल्पे जर उत्तर हडप्पा लोकांची असतील, तर त्यांची तुलना हडप्पा वस्तूंशी व्हायला हवी, आणि हडप्पा तांब्याच्या काही वस्तूंत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळलेला आहे. याचा अर्थ शिल्पे उत्तर हडप्पाचीच ठरली असा मी करत नाही. ती उत्खननाच्या चरात, थरात घट्ट बसलेली मिळाली नाहीत, आणि त्यांचा काळ मुख्यतः परिस्थितीजन्य पुराव्यावर मांडलेला आहे. ही उणीव खरी आहे आणि आर्सेनिकची चर्चा तिच्यावर पडदा टाकू शकत नाही. मात्र अग्रवाल यांच्या पृथक्करणातून शिल्पे ऐतिहासिक काळातील ठरत नाहीत, एवढे मी ठामपणे म्हणतो. त्या आकड्याने धातूच्या उगमाचा प्रश्न उभा केला, हे त्याचे मोल आहे.

हा प्रश्न पुढे न्यायचा तर शिल्पांच्या जाड गाभ्यातून आणि कडेजवळून बारीक नमुने घ्यावे लागतील, तेही शिल्पांना इजा होणार नाही अशा जागा निवडून. दोन्ही नमुने पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली फांद्यांच्या फटी तपासायच्या, तिथे आर्सेनाइड असेल तर क्ष-किरणांनी त्याची मांडणी पाहायची, सल्फाइडचे कण मोजायचे आणि शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण खेत्रीच्या व इराणच्या खनिजांशी ताडून पाहायचे. चारही शिल्पांचे नमुने एकाच साठ्याकडे बोट दाखवतात की वेगवेगळ्या, हे कळले तर ती एकाच ओतशाळेत घडली का, यावर पहिल्यांदाच आधार घेऊन बोलता येईल. तोपर्यंत दायमाबादच्या काळाचा निवाडा मातीचे थर, भांडी आणि शैली यांच्या पुराव्यावरच चालवावा, आणि त्यात आर्सेनिकच्या टक्क्याला साक्षीदार म्हणून उभे करू नये.